कोकण किनारा आणि जुनी बंदरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्र बघायला निघालेले, किल्ल्यांचे वेडे आणि जुन्या बंदरांच्या शोधात असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोकण म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

सरकारी हिशेबात पालघर, ठाणे आणि मुंबईसुद्धा कोकणातच येतात. या पानावर मात्र रेवसपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतचा भाग धरला आहे, म्हणजे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सोपाऱ्यासारखं प्राचीन बंदर त्यामुळे बाहेर राहिलं, पण त्याला आता नालासोपाऱ्याच्या लोकलने जाता येतं आणि तो वेगळा प्रवास आहे.

२. कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो, होड्या चालू असतात. मार्चमध्ये शिमगा असतो. पालख्या घरोघर नाचवत नेतात आणि गावोगावचे चाकरमानी परततात. हे बघायचं असेल तर राहण्याची सोय खूप आधी करा. एप्रिल-मे आंब्याचे, पण घामाचेही. दुपारी अकरा ते चार किल्ल्यावर फिरायची हिंमत करू नका.

पावसाळ्यात कोकण सगळ्यात देखणं दिसतं यात वाद नाही. पण तेव्हा तुम्ही घाट, धबधबे आणि भातशेती बघायला जाता, समुद्र नाही. मे अखेर ते ऑगस्ट अखेर सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या, स्कूबा, बोटिंग हे सगळं बंद असतं. गणपतीच्या आठवड्यात फिरायला निघू नये. गाड्या, रस्ते, घरं, सगळं भरलेलं असतं आणि ज्यांच्याकडे उतरायचं तेच पाहुण्यांत आणि आरत्यांत गुंतलेले असतात.

३. चार-पाच दिवसांत अलिबाग ते मालवण सगळं होईल का?

होईल, पण गाडीच्या काचेतून. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नकाशावर किनारा सरळ दिसतो. प्रत्यक्षात दर वीस-तीस किलोमीटरवर एखादी खाडी आडवी येते. ती ओलांडायची तर पूल शोधत आत जा, नाहीतर जंगलजेट्टीची वाट बघा (प्रश्न ८). दिवसाला दोन खाड्या ओलांडल्या की दिवस संपला.

त्यापेक्षा एक खाडी धरा आणि ती तोंडापासून आतपर्यंत बघा. जुना व्यापार पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर होत नव्हता, खाडीत होत होता. वाऱ्यापासून आडोसा, गोडं पाणी आणि घाटाकडे जाणारी वाट ही तिन्ही जिथे एकत्र मिळायची तिथे बंदर. उदाहरणार्थ राजपुरीची खाडी घ्या. तोंडाशी जंजिरा आणि त्याच्यावर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. आत आगरदांडा आणि दिघी, दोन काठांवर समोरासमोर. आणखी आत, खाडी अरुंद होते तिथे मांदाड, आणि जवळच कुड्याची बौद्ध लेणी. पहिल्या शतकात ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी व्यापाराच्या ग्रंथात मंदगोरा नावाचं बंदर येतं. ते म्हणजे मांदाड, असं बरेच अभ्यासक मानतात. लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात राजघराण्याशी संबंधित माणसं आहेत तसे व्यापारीही आहेत. सकाळी जंजिरा, दुपारी खाडीच्या काठाने कुडे, संध्याकाळी दिवेआगरची पुळण: दोन हजार वर्षांचा व्यवहार एका दिवसात बघून होतो.

चार दिवस असतील तर दोन खाड्या. बस्स.

४. रेल्वेने गेलं तर कुठे उतरायचं?

कोकण रेल्वे समुद्राच्या कडेने जात नाही, बरीच आतून जाते. स्टेशनवरून किनारा गाठायला पाऊण ते दीड तास धरा. दापोली-हर्णैसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, मालवणसाठी कुडाळ किंवा सिंधुदुर्ग, वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी. मुरुड-जंजिऱ्याला रोहा. विजयदुर्गला राजापूर रोड किंवा वैभववाडी ठीक पडतं, पण पुढच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवा. स्टेशनबाहेर रिक्षा असतातच, मात्र रात्री दोनला उतरलात तर भाड्याची घासाघीस करायच्या परिस्थितीत तुम्ही नसता.

पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू चालवतात, त्यामुळे उन्हाळ्यातल्या वेळा गृहीत धरू नका. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला जायचं असेल तर गोव्यातला मोपा विमानतळ जवळ आहे.

मुंबईहून अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो गाडीसकट नेते.

५. "मुरुड" दोन आहेत का? आम्ही चुकीच्या ठिकाणी खोली घेतली.

दोन आहेत. मुरुड-जंजिरा रायगडात, आणि दुसरं मुरुड दापोली तालुक्यात हर्णैजवळ. ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. दोन्हींना समुद्र आहे, दोन्हींजवळ जलदुर्ग आहे, म्हणून घोळ होतो. पहिल्यात जंजिरा, दुसऱ्याजवळ सुवर्णदुर्ग. तसंच वेळास दोन (कासवांचं मंडणगड तालुक्यात, दुसरं दिवेआगरजवळ), आणि वेळणेश्वर आणखी तिसरीकडे, गुहागर तालुक्यात. बुकिंग करताना गावासोबत तालुका विचारा.

६. समुद्रात उतरणं सुरक्षित आहे का?

गुडघाभर पाण्यात, स्थानिक लोक उतरतात त्या जागी, भरती चढत असताना: हो. बाकी सावध. काशीद आणि गणपतीपुळे इथे माणसं बुडतात, आणि त्यात पोहता येणारेही असतात. उतार तीव्र आहे आणि ओहोटीला पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. ओढलं गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. खाडीचं तोंड जिथे समुद्राला मिळतं तिथे तर उतरूच नये. देवबागला कर्लीच्या संगमाचं पाणी किती निवांत दिसतं, पण ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्याच वाटेने बाहेर पडतं.

लहान मुलं, वयस्कर आईवडील सोबत असतील तर तारकर्ली, गुहागर, दिवेआगर यांसारख्या लांब, सपाट पुळणी बऱ्या. लाल बावटा लावलेला असेल तर हुज्जत न घालता मागे फिरा.

७. गाडी पुळणीवर नेता येते का?

नाही. बंदी आहे, आणि बंदी नसती तरी नेऊ नका. ओली वाळू घट्ट वाटते, चाक फिरलं की रुतते आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मग गावातला ट्रॅक्टर येतो आणि तो सांगेल तो भाव. शिवाय त्याच वाळूत कासवांची अंडी असतात (प्रश्न १२).

८. जंगलजेट्टी म्हणजे काय? त्यात गाडी जाते?

खाडी ओलांडणारी सपाट तळाची फेरीबोट. मोटारी, टेम्पो, दुचाक्या, माणसं सगळं एकत्र जातं. मुख्य चार आहेत: आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ. उत्तरेकडून दक्षिणेकडे याच क्रमाने लागतात. हरिहरेश्वरहून वेळासला, दापोलीहून गुहागरला, गुहागरहून गणपतीपुळ्याला जाताना तासन्‌तासाचा वळसा वाचतो. शनिवार-रविवारी रांग लागते, आणि रात्रीची शेवटची फेरी गेली की मग वळसाच, म्हणून वेळ आधी विचारून ठेवा. रेवस–रेडी सागरी महामार्गाच्या पुलांची कामं सुरू आहेत. ते झाले की हा प्रश्न या पानावरून जाईल. मला मात्र ते दहा-पंधरा मिनिटांचं खाडीवरचं वारं आवडतं.

९. एवढा व्यापार होता म्हणता, मग आज तिथे काहीच का दिसत नाही?

दिसतं, पण कुठे बघायचं ते माहीत हवं. आधी व्यापार का गेला ते बघू.

शिडाची जहाजं वाऱ्यावर चालायची. अरबस्तानातून, तांबड्या समुद्रातून नैऋत्येच्या वाऱ्यावर यायचं, माल भरायचा, आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परत. येताना घोडे, खजूर, सोनं-चांदी. जाताना कापड, मिरी, सागवान. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरून खाडीच्या टोकाला यायचा. लहान गलबतांना तेवढं पाणी पुरायचं. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, जहाजं मोठी झाली, मुंबई वाढली आणि मग रेल्वे आली. उरलासुरला माल आणि माणसं विसाव्या शतकापर्यंत आगबोटी ने-आण करत राहिल्या. त्याही बंद पडल्या.

आता काय बघायचं:

चौल-रेवदंडा. अलिबागहून अर्ध्या तासावर. पेरिप्लसमधलं सेमिल्ला ते हेच. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला, तेव्हा इथे मोठी मुसलमान वस्ती होती. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला घेऊन उतरला तोही इथेच. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आज नारळी-पोफळीच्या वाड्यांनी भरलेला आहे. एखाद्या वाडीच्या मागे अचानक चर्चची भिंत उभी दिसते आणि माडांच्या वर सातखणी मनोरा डोकावतो. वाड्या खासगी आहेत, आत शिरण्याआधी हाक मारा. १७४० साली हा कोट आणि समोरचं कोर्लई मराठ्यांकडे आलं.

दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. हजचे यात्रेकरूही इथून निघत. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळलं. आज धक्क्याजवळच घुमटाची जुनी दगडी मशीद आहे. जंगलजेट्टीची वाट बघणारे बहुतेक लोक तिच्यापासून हाकेच्या अंतरावर वडापाव खात बसलेले असतात आणि तिकडे फिरकत नाहीत.

राजापूर. समुद्रापासून बरंच आत, अर्जुना नदीच्या काठावर. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा आणि तोफा पुरवल्या, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं आणि वखारीतले इंग्रज कैद केले. आज नदीपात्रात गाळ इतका आहे की इथे गलबतं येत होती यावर विश्वास बसत नाही. खाडीच्या तोंडाशी जैतापूर बघितलं की चित्र पुरं होतं.

वेंगुर्ला. डचांची वखार, सतराव्या शतकातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद इथून मिळे. वास्तू संरक्षित आहे, पण पडझड झालेली आहे. छप्पर नाही, भिंतींत झाडं उगवलेली. फोटोतल्यासारखं काही सापडेल या आशेने जाऊ नका. बंदरावरच्या टेकडीवरून खडकांवरचं दीपगृह दिसतं, तेही बघून या.

१०. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ना? आम्ही गेलो तर कमरेएवढं पाणी होतं.

ओहोटीला जाता येतं, पण कोणत्या ओहोटीला हे महत्त्वाचं. पंचांग किंवा दिनदर्शिका घ्या आणि कोळ्यांचा जुना हिशेब लावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, म्हणजे ओहोटी नऊला. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

आता तुमची अडचण. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बरोबर दुपारी बाराला. वेळ अगदी सोयीची वाटते, लोक जातात आणि फसतात. कारण अष्टमीच्या सुमाराला भांगेची भरती-ओहोटी असते: पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पाणी खूप मागे जातं ते पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. पण नेमक्या त्या दिवशी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सव्वापाच-सहाच्या सुमाराला पडते. म्हणून मधला मार्ग: द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला, किंवा त्रयोदशीला दुपारी पावणेचारच्या सुमाराला. ओहोटीच्या तासभर आधी निघा, तासाभरात परत फिरा. पायात घसरणार नाहीत अशा चपला घाला, खडकांवर शेवाळ असतं. टांग्याने जायची सोयही असते. भरतीच्या वेळी होडी.

आत काय आहे? राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपती पंचायतन, चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर, आणि उत्तर टोकाला गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा. तोफांवर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव आजही वाचता येतं.

११. जलदुर्ग एकच बघायचा असेल तर कोणता?

सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर पायाभरणी झाली. काम हिरोजी इंदुलकरांनी पाहिलं. आत राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. दरवाजा तटाच्या वळणात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. होडीवाले आत फिरायला ठरावीक वेळच देतात. तटावरून पूर्ण फेरी मारायची असेल तर चढण्याआधीच बोलून घ्या.

इतिहासाची आवड खोल असेल तर माझं मत विजयदुर्गाला. तिथे होडीच लागत नाही, गाडी दारापर्यंत जाते. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच संपवलं, आणि मराठ्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं आरमार बुडवलं ही हळहळ आजही या गावात ऐकू येते. वाघोटन खाडीत थोडं आत खडक कोरून केलेली आरमारी गोदी आहे. ओहोटीला गेलात तर तिचा आकार नीट दिसतो. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चारही २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, त्यामुळे गर्दी वाढणार हे धरून चला.

१२. कासवांची पिल्लं हमखास कधी दिसतील?

हमखास कधीच नाही. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ. वेळास आणि आंजर्ले इथे घरट्यांना कुंपण घालून जपतात आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडतात. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू, असंही होतं. दोन रात्री मुक्काम ठेवा. फ्लॅश नको, हात लावणं नको, दोरीच्या आत पाय नको. वेळास नाना फडणवीसांचं गाव, मधल्या वेळात तेही बघता येतं.

१३. पावसाळ्यात ताजे मासे मिळतात का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात सुरमई-पापलेट आलं तर ते बहुधा बर्फातलं. तेव्हा खाडीचं मागा: तिसऱ्या, कुर्ल्या. नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर आणि पेज. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की खरा हंगाम सुरू होतो. एरवी हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव बघा. पाट्या बैलगाडीतून आणि डोक्यावरून किनाऱ्याला येतात आणि भाव डोळ्यांदेखत ठरतो. वाटेत उभे राहू नका, तिथे लोक कामात असतात.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उलट. गुहागर, आंजर्ले, मुरुड (दापोलीचं) या भागांत घरगुती खानावळींत केळीच्या पानावर उकडीचे मोदक, फणसाची भाजी, बिरडं, सोलकढी मिळते. फक्त आदल्या दिवशी किंवा सकाळी सांगून ठेवावं लागतं. ऐन वेळी दार ठोठावून चार पानं वाढा म्हटलं तर होणार नाही.

१५. हापूस खरा कसा ओळखायचा?

पेटीवरच्या छापावरून नाही. २०१८ पासून "हापूस" या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते पालघर ते सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरतं आहे, तरी हायवेवरच्या पेट्यांत बाहेरचा आंबा भरलेला असतो. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर थेट बागायतदाराच्या पडवीत जा, अढी दाखवायला सांगा. गवतात पिकलेल्या आंब्याचा वास खोलीत शिरतानाच येतो. फेब्रुवारीत कुणी पिकलेला हापूस स्वस्तात देत असेल तर राम राम करा.

१६. कोर्लईत खरंच अजून पोर्तुगीज बोलतात?

किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वाडीत एक बोली टिकून आहे, पोर्तुगीज आणि मराठी एकमेकांत मिसळून तयार झालेली. लिस्बनचा माणूस आला तर त्याला ती अर्धीमुर्धीच कळेल. लोक घरात बोलतात, तुमच्याशी मराठीतच बोलणार. "जरा बोलून दाखवा" म्हणत मोबाइल पुढे करू नका. अलिबाग-नवगाव भागात बेने इस्राएल ज्यूंच्या खुणाही याच प्रकारच्या. तेलाच्या घाण्यावर शनिवारी सुट्टी घ्यायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. अलिबागमधलं सिनेगॉग बाहेरून सहज दिसतं, आत जायचं तर विचारून जा.

१७. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, हे खरं का?

गाइड सांगतात, फलकही सांगतात, आणि इंग्रज साहेबाने जिथून ग्रहण बघितलं म्हणतात ते "साहेबाचे कट्टे" दाखवतातही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा हेलियमशी संबंध आहे हे खरं. पण त्या दिवशी सौरज्वालांच्या वर्णरेषा बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. आणि ज्याचं नाव विजयदुर्गाशी जोडतात तो इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या ग्रहणाला भारतात नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, हेलियमची ती पिवळी वर्णरेषा पाहिली. लॉकयर ग्रहण बघायला भारतात आला तो १८७१ मध्ये, आणि तोही केरळात बेकलच्या किल्ल्यावर. गाइडशी वाद घालू नका, पण मुलांच्या प्रकल्पाच्या वहीत लिहिताना एवढं लक्षात ठेवा.

१८. रोख पैसे किती ठेवावेत?

मोठ्या गावांत मोबाइलने पैसे देता येतात. होडी, टांगा, वाडीतली खानावळ आणि जंगलजेट्टी यांसाठी सुटे ठेवा. खाड्यांच्या वळणांत रेंज जाते आणि तेव्हा मागे रांगेत दहा गाड्या हॉर्न वाजवत असतात.